खोबरेलाची कड

पॉलिशवाल्याच्या घरचं टेबल कायम बिनपॉलिशचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जन्मभर लोकांच्या दारांना न् कपाटांना चकाकी दिली, पण घरच्या टेबलाला हात लावायची मला परवानगी नव्हती. "दुकानाचा वास घरात नको," बायको म्हणायची. मग मी आपलं जवसाचं तेल आणून द्यायचो आणि ती फडक्याने ते टेबलाला चोळायची. मला ते बघवत नसे, पण तिच्यापुढे माझं काय चालणार!

मागच्या हिवाळ्यात ती गेली. आता टेबल लेकीकडे जाणार होतं. तिची पोरं त्यावर अभ्यासाला बसणार, वह्यांना तेल लागायला नको, म्हणून लॅकर मारून द्या, असं ती म्हणाली. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर ते घरातून जाऊ नये असंच वाटत होतं. कपडे वाटून झाले होते, बायकोचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. पण एकटा माणूस एवढ्या टेबलाचं करणार काय?

तेल मुरलेल्या लाकडावर लॅकर धरत नाही. आधी फडकं कोरं निघेपर्यंत थिनरने पुसायचं, मग पॉलिश पेपर मारायचा. सगळं शिस्तीत केलं, पहिला हात दिला, आणि खिडकीकडच्या कडेला लॅकर मागे सरकलं. मध्ये ओले खळगे पडले. खरवडलं, पुन्हा पुसलं, पुन्हा तेच. माझ्या नाकी नऊ आले. जवसाचं तेल वाळून कडक होतं. हे चिकट ते चिकटच.

"कुठल्या गाढवाने इथे भलतं तेल ओतलंय?" मी ओरडलो.

लेक आत सामान बांधत होती. ती दारात आली. "बाबा, खोबरेल आहे ते."

"टेबलाला खोबरेल?"

"माझी वेणी घालून झाली की आई तिथे हात पुसायची. वाया कशाला घालवायचं, म्हणायची."

"तुझं लग्न होऊन युगं लोटली. हे ताजं आहे."

ती टेबलाजवळ आली. "आजारपणात मी इथे राहायला होते तेव्हा बघितलंय. केस गेल्यावरही घ्यायची ती. औषधांनी एक केस उरला नव्हता, तरी रोज सकाळी तळहातावर तेल घ्यायची. मग लावायचं कुठे? सगळं इथे चोळायची. तुम्ही यायच्या आत वरून फडकं फिरवायची. 'ह्यांना कळलं तर रडत बसतील,' म्हणायची."

बाईने बरोबर ओळखलं होतं मला.

"तेवढं राहू द्या ना, बाबा."

"राहिलं तर तिथून सगळंच सुटत जाईल. वर्षभरात टेबलाची रया जाईल."

"मग?"

"मग काय! एक तर लॅकर नको म्हण, नाहीतर हे काढू दे."

तिने कडेवरून हात फिरवला, बोटं चिकटली तशी बघितली. "पोरं रोज बसणार आहेत ह्यावर," ती म्हणाली. "काढू या. पण मी काढते."

मी तिच्या हातात फडकं दिलं. थिनर लावून ती पुढेमागे चोळत राहिली, कोपर उचलून, हुबेहूब आईसारखी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थिनर झोंबतंय, म्हणाली. फडकी आधी पिवळी निघाली, मग फिकी. मग एक कोरं निघालं.

"अजून एकदा पुसू?"

मला हो म्हणायचं होतं. "नको," मी म्हणालो. "आलं सगळं."

दुपारी त्या कडेला लॅकरचा हात दिला. सरळ पसरलं, कुठे नाव ठेवायला जागा नाही. इतकं चोख काम बऱ्याच दिवसांत माझ्या हातून झालं नव्हतं. लेक बाहेर गाडीवाल्याशी भाव करत होती. मी स्टूल ओढून बसलो आणि वाकून कडेकडे बघत राहिलो. लॅकर वाळायच्या आत एखादा तरी खळगा पडावा, म्हणून वाट बघत होतो. पडला नाही.