फाटकाचा रंग

जुन्या यंत्रांच्या दलालाच्या आवारात पाऊल टाकलं तेव्हापासूनच थोरल्या सुनेला मळमळत होतं. जळक्या तेलाचा वास, उष्ट्या कपांवर माश्या, आणि त्याहून चिकट त्या दलालाची जीभ. "ताई, खास तुमच्यासाठी राखून ठेवलाय बघा!" तुमच्यासाठी म्हणे. तासाभरापूर्वी तो तिला ओळखतही नव्हता.

नवरा गेल्यावर नाशपातीची बाग तिनेच सांभाळली होती. पण झाडांच्या ओळींमधलं गवत ऐकत नव्हतं. हातयंत्र ढकलून ढकलून पाठ कामातून गेली होती. यंदा गवत आवरलं नाही तर बाग धाकट्याच्या हवाली करायची, असं सासऱ्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. नवं घ्यायची ऐपत नव्हती. ओळीतून जाईल असा जुना छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडायचा, गवत कापणारा मोवर, एवढंच परवडणार होतं. आणि ते निवडायला सोबत कोण? तर तोच धाकटा दीर! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पण घरात यंत्रातलं कळणारा तोच एक.

आवारात दोन जोड्या होत्या. एक गंजलेली, दुसरी चकचकीत.

"वहिनी, त्या भंगाराकडे बघूच नका," धाकटा म्हणाला. "हा मोवर बघा. रंग कसा झळकतोय!"

तिने रंग बघितला. हा तर तिच्या फाटकाचा रंग! फाटकासाठी आणलेला हिरवा फार भडक वाटला, म्हणून तिने स्वतः त्यात घरातला राखाडी ओतून बादलीत काठीने ढवळला होता. ती छटा कुठल्या दुकानात मिळणार? उरलेली बादली धाकट्यानेच नेली होती, "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून.

उकिडवी बसून तिने मोवरच्या पत्र्याखाली हात घातला. हाताला कुजकं गवत लागलं. गवतावरूनच रंग फासला होता! लबाडी करायची, तीही आळशीपणाने. तिला शिसारी आली. गवताचा गोळा ओढून काढला, तर पातं जिथे बसतं तिथे बोटभर तडा; फिरवलं की पातं निसटून मागे उडणार.

"भावजी, बसा वर," ती उठून म्हणाली. "पातं फिरवून दाखवा. मी इथे मागे उभी राहते."

धाकट्याने ट्रॅक्टर सुरू केला. पात्याच्या दांड्याकडे मात्र त्याचा हात जाईना. त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

"वहिनी, तुम्ही आधी बाजूला व्हा ना."

"का?"

त्याने ट्रॅक्टर बंद केला. दलाल तर केव्हाच कचेरीत सटकला होता.

बागेसाठी हा खोटं बोलेल, हे ती धरूनच आली होती. पण बागेत कापलेलं गवत गोळा करत तिची लेक रोज यंत्रामागून चालायची, आणि हे लेकीच्या या सख्ख्या काकाला चांगलं ठाऊक होतं.

तिने तो कुजका, रंगीत गोळा त्याच्या मांडीवर ठेवला.

"उरलेला रंग तुमच्यापाशीच ठेवा, भावजी. आमचं फाटक आता तुमच्यासाठी उघडायचं नाही."

मग ती गंजक्या जोडीपाशी गेली, खाली बसली आणि पत्र्याखाली हात घातला.