गेलेच नाहीत

मेहेंदळे सरांनी टेबलावरची घंटा दाबली, तेव्हा सलोनीचं भाषण अर्ध्यावरही आलं नव्हतं. वेळ संपली नव्हती. सरांचा धीर संपला होता.

"थांब. पुन्हा सांग. माणूस चंद्रावर काय?"

"गेलाच नाही, सर." आठवीतली मुलगी, दोन वेण्या, आवाज खणखणीत. "गेले असते तर परत गेले नसते का? पन्नास वर्षं झाली, एकही माणूस तिथं…"

"पुरे."

महाडमधल्या एका शाळेच्या सभागृहात वक्तृत्व स्पर्धा चालली होती. विषय होता 'चंद्र : समज आणि गैरसमज', आणि सकाळपासून परीक्षकाच्या खुर्चीत बसून सरांनी नुसते गैरसमजच ऐकले होते. एकाच्या चंद्राची मागची बाजू कायमची काळोखात. एकीच्या पौर्णिमेला वेडे खवळतात. तिसऱ्यानं तर चांद्रयान उतरलं तिथं पाण्याचं तळंच भरून टाकलं, आणि त्याच्या बाईंनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. पोरांच्या डोक्यात मोबाइलनं भुसा भरलाय, हे सरांना माहीत होतं. मास्तरांची डोकी मात्र आधीपासूनच रिकामी होती, असं त्यांचं जुनं मत.

परीक्षकानं मध्येच उठून बोलायचं नसतं. पण ते मेहेंदळे सरांना कोण सांगणार?

"परत का गेले नाहीत, ते मी सांगतो. अमेरिकेला रशियाच्या आधी पोचायचं होतं. पोचले. शर्यत संपली, लोकांना कंटाळा आला, सरकारनं हात आखडला. चंद्र म्हणजे आकाशात टांगलेली करंजी, असं समजणाऱ्यांसाठी यानं कोण उडवणार? तुझ्यासारख्यांवर सोपवलं असतं, तर माणूस इथून जवळच्या वीर स्टेशनापर्यंतसुद्धा पोचला नसता."

सभागृह खदखदून हसलं. सलोनीनं मान खाली घातली नाही. तिनं फक्त शेवटच्या रांगेतल्या निळ्या गणवेशाकडे पाहिलं आणि ती व्यासपीठावरून उतरली.

दुपारी एसटी स्टँडवर सर बाकावर बसले होते. समोर कुणीतरी वाकून पायाला हात लावला. कंपनीचा निळा गणवेश घातलेला, पंचेचाळिशीचा माणूस. मागे सलोनी उभी.

"वळखलंत का, सर? अरविंद कदम, शिवथरचा. नववीला तुमच्या वर्गात होतो."

सरांनी ओळखलं नाही. "अच्छा. म्हणजे या शास्त्रज्ञ बाई तुमच्या!"

"होय, माझीच. भाषण मीच सांगितलेलं तिला." अरविंद संकोचून हसला. "एक इचारू का, सर? तुमचं मत कधी बदललं?"

"कसलं मत?"

"चंद्राचं. वर्गात मी इचारलेलं, तिथं वारा नाय तर फोटोत झेंडा कसा हलतो? तुम्ही म्हणालात, 'बरोबर आहे तुझं, अरविंद. गेलेच नाहीत. स्टुडिओत रेती पसरून नाचले. अख्ख्या जगाला कळलं नाही, ते एका तुला कळलं.' पोरं हसली. त्यांना काय कळतंय! मी अभ्यासात ढ. माझं बरोबर हाय म्हणणारे तुम्ही पयले. आजपातूर कुणाकुणाला सांगितलंय मी. कंपनीत वाद घातलेत."

सरांना तो वर्ग आठवला नाही. टोमणा मात्र त्यांचाच होता, शब्दन् शब्द. त्यांनी सलोनीकडे पाहिलं. ती बापाकडे बघत नव्हती. सरांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिला समजलं होतं.

"झेंड्याला," सर म्हणाले, "वरच्या बाजूनं आडवी दांडी होती. कापडाला चुण्या पडलेल्या. म्हणून तो फडकल्यासारखा दिसतो. प्रश्न चांगला होता तुझा."

"असं होय!" अरविंदचा चेहरा उजळला. "म्हंजे तवा तुम्हालाबी माहीत नव्हतं. मागनं कळलं."

मेहेंदळे सरांना एखादी गोष्ट माहीत नव्हती, असं त्यांच्या तोंडावर आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "नंतर कळलं."

"बघ, सलोनी! मोठी माणसं कशी कबूल करतात! पाया पड सरांच्या."

सलोनी हलली नाही. शिवथरची गाडी फलाटाला लागत होती.

"जागा मिळायची नाय, पप्पा," ती म्हणाली आणि बापाची बाही धरून त्याला गाडीकडे घेऊन गेली. अरविंदनं चढता चढता वळून हात जोडले. आत गेल्यावर खिडकीतून ओरडला, "सर, या ना! तुमच्या बिरवाडीला उतरा, जागा धरलीय तुमच्यासाठी."

सरांना बिरवाडीलाच जायचं होतं. त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि गाडी वळून फाटकाबाहेर जाईपर्यंत ते समोरच्या फलाटाचा आकडा वाचत राहिले.