जेवल्यावर उतरणारी साखर

ताईंचा व्यायामाचा क्लास टायरच्या दुकानाच्या वर होता. आत शिरलं की समोरच ताईंचे दोन माणसाएवढे फोटो. डावीकडच्यात ताई मावत नव्हत्या आणि उजवीकडच्यात त्यांच्या शेजारी आणखी एक बाई आरामात उभी राहिली असती. फोटो नवऱ्यानेच काढून छापलेले, त्याचा स्टुडिओ होता. नवी बाई आली की ताई तिला त्या भिंतीपुढे उभं करायच्या आणि म्हणायच्या, "जादूबिदू काही नाही गं. तोंडाला कुलूप आणि मन खंबीर, बस्स!" क्लास संपला की सगळ्यांसमोर डबा उघडून त्या चार घासांत जेवण आटपायच्या. बायका तो सोहळा डोळे विस्फारून बघायच्या.

पाचवा घास ताईंना जातच नव्हता, ही खरी गोष्ट. बहिणीकडे राहायला जाते असं सांगून त्या मागे दुसऱ्या शहरात गेल्या होत्या आणि पोटाचं ऑपरेशन करून आल्या होत्या. जठर कापून अगदी एवढंसं ठेवलेलं, आतडं वळवून त्याला जोडलेलं. वजन भराभर उतरलं. कसं काय, असं पहिल्या बाईने विचारलं तेव्हा ताई सहज बोलून गेल्या, "रोज चालते." मग दुसरीलाही तेच सांगणं आलं. तिसरी म्हणाली, "मला शिकवता का?" असा तो क्लास निघाला. नवरा आणि बहीण सोडून कुणाला कानोकान खबर नव्हती.

अलीकडे मात्र ताईंना भलतंच काही व्हायला लागलं होतं. दुपारचं जेवण, त्यावर पेलाभर फळांचा रस, आणि मग तास-दीड तासात अंगाला दरदरून घाम फुटायचा, हात लटलट कापायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा दुपारच्या बॅचला उड्या मारता मारता त्या मटकन खालीच बसल्या. बायका बघताहेत म्हटल्यावर तेवढ्यातही त्यांनी सावरून घेतलं. "आता सगळ्यांनी असंच बसून श्वास घ्यायचा," त्या म्हणाल्या. सगळ्या बसल्या. हा प्रकार बायकांना इतका आवडला की दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मागून घेतला.

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने ताईंना डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. तपासण्या झाल्या.

"उपाशीपोटी तुमची साखर अठ्ठ्याऐंशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सत्तर ते शंभर म्हणजे छान. जेवल्यावर ती थोडी चढते आणि सावकाश उतरते, दोन तासांनी एकशे चाळीसच्या आत असली की झालं. तुमची उतरली ती पन्नासच्याही खाली. सत्तरखालीच आम्ही सावध होतो. एवढी खाली गेली की मेंदूलाच खायला पुरत नाही, म्हणून हा घाम आणि ही भोवळ. मधुमेह तुम्हाला नाही, त्याच्या गोळ्या नाहीत, इन्शुलिन नाही. मग जेवल्यावर साखर उतरावी का? पोटाचं कधी ऑपरेशन झालंय?"

दारात नर्स उभी होती. ती ताईंच्या सकाळच्या बॅचला यायची.

"छे हो," ताई म्हणाल्या. नवरा पंख्याकडे बघत बसला.

"मग स्वादुपिंडात गाठ आहे का ते शोधायला हवं. मोठ्या हॉस्पिटलात दाखल व्हा. तिथे उपाशी ठेवून रक्त तपासत राहतील."

"होते की दाखल," ताई म्हणाल्या.

रस्त्यात नवरा तडकला. "अगं, नसलेली गाठ शोधायला निघालीस? डॉक्टरांपुढे तरी खरं बोलायचंस!"

"अहो, आणि ती नर्स? संध्याकाळपर्यंत गावभर करेल."

"म्हणजे तुला गाठ परवडली?"

ताईंना खरोखरच गाठ परवडत होती. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःची शिसारी आली, पण म्हणून काही तोंड उघडलं नाही. त्या घरी गेल्या आणि हॉस्पिटलची पिशवी भरू लागल्या.

पिशवी भरून व्हायच्या आतच त्या नर्सचा फोन आला. क्लासमध्ये शेवटच्या रांगेत उभी राहणारी, लाँड्रीत इस्त्री करणारी पोरगी कामावरच कोसळली होती. गरम इस्त्री हातावर पडली होती. ताई होत्या तशा परत दवाखान्यात धावल्या.

पोरगी खाटेवर पडली होती, कोपरापर्यंत पट्टी बांधलेली. उशाशी सासू बसली होती. तिने ताईंना बघितलं मात्र, तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"दिवसभर वाफेत उभी असते आणि पोटात काय, तर सूप! मी म्हणते खा गं बाई, तर म्हणते, ताई चार घास खातात आणि तासभर उड्या मारतात, मग मला का नाही जमत? डॉक्टर म्हणाल्या, साखर उतरली. उतरेल नाही तर काय, पोटात कण नाही!"

"आई, गप्प बसा ना," पोरगी क्षीण आवाजात म्हणाली. मग तिने ताईंकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "ताई, रागावू नका. माझंच मन कच्चं निघालं. क्लासचं नाव घालवलं मी. पण मला काढू नका हं."

"मन खंबीर कर, म्हणजे सगळं..." सवयीने ताईंच्या तोंडून निघालं आणि तिथेच अडलं. भाजली ही, उपाशी राहिली ही, आणि वर माफीही हीच मागत होती. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, मागे नर्स. "तुम्हीही इथेच का?" त्या ताईंना म्हणाल्या. "हिची साखर का उतरली ते कळलं. तुमचंच कोडं सुटत नाही."

"मला ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी टी-शर्ट वर केला. पोटावर लहान लहान पाच व्रण होते. "जठर कापून घेतलंय मी. चार घासांच्या वर मला जातच नाही. चालून वगैरे माझं काही उतरलेलं नाही. मघाशी तुमच्याशी खोटं बोलले, आणि क्लासच्या बायकांशी तर रोजच बोलते."

डॉक्टरीणबाईंनी आधी व्रण पाहिले, मग ताईंचा चेहरा.

"आणि जेवणावर गोड काही?"

"फळांचा रस."

"तो थेट आतड्यात जातो. साखर झपकन चढते, तिला आवरायला शरीर गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडतं आणि ती धाडकन खाली येते. ऑपरेशन झालेल्यांत असं होतं, सांगितलं असतंत तर एका वाक्यात कळलं असतं. रस बंद करा, थोडं थोडं खा, मग बघू. आणि ऑपरेशन करून घेण्यात लाजण्यासारखं काय होतं हो?"

लाज आता ऑपरेशनची राहिलीच नव्हती. नर्स त्यांच्याकडे टक लावून बघत होती. गावभर जायचं ते जाणारच होतं, पण ताईंचं लक्ष खाटेकडे होतं.

पोरगी त्या व्रणांकडे बघत होती. तिने विचारलं,

"म्हणजे मला भूक लागायची, ते बरोबरच होतं?"

"हो," ताई म्हणाल्या. "तुझं बरोबर होतं."

सासूने ब्रेडचा तुकडा दुधात बुडवून सुनेच्या तोंडाशी नेला. तिने तोंड उघडलं, ताईंकडे पाहिलं आणि परत मिटलं. सासूने पुन्हा हात पुढे केला. पोरीने मान वळवली.

"बाई, तुम्ही जरा बाहेर जा," सासू म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्यासमोर तिला घास जायचा नाही."

ताईंनी टी-शर्ट खाली ओढला आणि त्या बाहेर गेल्या.