हात बाहेर

ग्रह फोडायची वेळ जवळ आली तसे लिफ्टवाल्याने तळहात शर्टाला पुसले.

आता साठीला टेकलेल्या माणसाने ग्रह कशाला फोडावेत, असं कुणीही विचारेल. त्याच्या बायकोनेही सुरुवातीला विचारलं होतं. याचं आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यात आणि माथ्यावरच्या मशीनच्या खोलीत गेलेलं. संगणकाशी संबंध काय, तर आपल्या लिफ्ट-दुरुस्तीच्या दुकानात बसून सुट्या भागांची किंमत बघण्यापुरता. पण काही हौशी मंडळींनी लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करून अवकाशयुद्धाचा एक गेम बनवायला घेतला होता, आणि हा गडी त्या गेमची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होता. गेम साधा होता. प्रत्येकाला एक ग्रह मिळणार, तो वसवायचा, फौज उभी करायची आणि दुसऱ्यांचे ग्रह फोडायचे. नुसते जिंकायचे नाहीत, फोडायचे. बनवणारे दर वेळी ‘लवकरच’ म्हणत आणि वर्गणीदार आपल्या चर्चागटात बसून त्यांच्या नावाने बोटं मोडत. नवं एखादं चित्र आलं की तेच लोक हुरळून जात. आशेला औषध नसतं हेच खरं.

लिफ्टवाल्याला मात्र ग्रहांशी काही देणंघेणं नव्हतं. त्या चर्चागटात त्याची लेक होती.

लेक त्याच्याशी बोलत नव्हती. दुसऱ्या शहरात राहायची, आईला फोन करायची आणि मागे बापाचा आवाज आला की घाईत फोन ठेवायची. तिने या गेमला वर्गणी दिलीय, हे बायकोच्या तोंडून एकदा सहज निघून गेलं, आणि याने दुसऱ्याच दिवशी स्वतःही भरली. टोपणनाव घेतलं ‘तळमजला’. लेकीचं नाव शोधायला वेळ लागला नाही. ती ‘आठबोटी’ होती. ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभा राहिला होता.

कारण उरलेली दोन बोटं त्याने घालवली होती.

लिफ्टच्या कामात एक रीत असते. एक जण वर मशीनच्या खोलीत, एक जण खाली लिफ्टच्या टपावर, दोरखंड नि चाकांच्या मधे. मधे अंधार. वरच्याने वीज सोडण्याआधी ओरडायचं, “हात बाहेर?” खालच्याने ओ द्यायची, “बाहेर!” ओ आल्याशिवाय खटका दाबायचा नाही, मग इमारत पेटलेली का असेना. लेक शाळेत असल्यापासून सुट्टीत त्याच्याबरोबर यायची, पुढे त्याच्याच हाताखाली तयार झाली, आणि तिची ओ अशी खणखणीत असायची की जिन्यातली माणसं दचकायची. बापाला त्या आवाजाचा कोण अभिमान!

बोटं गेली त्या दिवशी इमारतीतले लोक डोक्यावर बसले होते. किती वेळ, किती वेळ, सगळ्यांचा एकच धोशा. त्याने ओरडून विचारलं आणि खटका दाबला. ओ आली नव्हती. इस्पितळात बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तिनं ओ दिली होती.” लेक पलंगावर पडून ऐकत होती. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. हात बरा झाल्यावर बॅग भरून गेली. बायको आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, की पोरीचीच जराशी घाई नडली हो. तो मान खाली घालून ऐकायचा.

चर्चागटात मात्र तळमजला आणि आठबोटीचं मेतकूट जमलं. लेक त्याला ‘अरे तळमजल्या’ म्हणायची, त्याची टर उडवायची. अवकाशात हा ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणतो याची तिला फार गंमत वाटायची. चाचणीसाठी ग्रह वाटले तेव्हा दोघांनी शेजारचे घेतले. तिच्या ग्रहाचं नाव ‘गच्ची’, याच्या ग्रहाचं ‘माळा’. गच्चीवर तिने पाणी आणलं, जंगलं लावली, जीव लावून तो ग्रह वसवला. चाचणीत टिकलेले ग्रह खऱ्या गेममध्ये जाणार होते, त्यामुळे गच्चीसाठी ती रात्रंदिवस झुरत होती. रोज काम आटोपलं की तो दुकानातल्या संगणकापाशी बसे, ती लिहीत असे आणि हा वाचत असे. एवढ्यावर त्याचं चाललं होतं. बुडत्याला काडी मिळाली होती.

आणि आज ती काडी निसटायची वेळ आली होती.

गेममधलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे घण. तो दोन दोस्तांनी मिळून चालवायचा. एकाने आपले कामगार लावून घण भरायचा, दुसऱ्याने सोडायचा. कामगार घणाच्या तोंडाशी असताना सोडला तर तेच जळून खाक. ते बाजूला झाले की नाही हे सोडणाऱ्याला दिसत नाही, ते दोस्ताला तोंडाने विचारावं लागतं. बनवणाऱ्यांना म्हणे दोस्तीची परीक्षा घ्यायची होती. आजवर सगळं लिहून चालायचं. आजच्या चाचणीत पहिल्यांदा आवाज चालू होणार होता. घण भरणार आठबोटी आणि सोडणार तळमजला, हे तिनेच ठरवलं होतं. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

एक शब्द बोललो की ओळखणार, त्याच्या मनात येत होतं. ओळखणार आणि जाणार, या वेळी कायमची.

बायको चहाचा कप घेऊन दुकानात आली आणि त्याच्या मागे उभी राहिली. बापलेक पुन्हा बोलणार म्हणून तीही उतावीळ झाली होती. “अहो, घाम किती आलाय! खेळच आहे ना?”

पडद्यावर काळ्या पोकळीत गच्ची निळीहिरवी चमकत होती. तिच्यापासून लांब, एकटाच, त्यांचा घण उभा होता. समोरून शत्रूचा घण गच्चीवर रोखला जात होता. त्याच्या टोकाची लाल रेघ हळूहळू भरत चालली होती. ती भरायच्या आत शत्रूचा ग्रह फोडला तर गच्ची वाचणार. खाली बाकीच्या वर्गणीदारांचे संदेश भराभर येऊन पडत होते.

“घण भरला,” संगणकाच्या कर्ण्यातून लेकीचा आवाज आला.

बायकोने तोंडाला पदर लावला. किती वर्षांनी तो आवाज या दुकानात घुमला होता.

आता त्याची पाळी होती. लाल रेघ निम्म्यावर आली. काय विचारायचं, कुठल्या शब्दांत विचारायचं, आवाज बदलून विचारावं का, असले दहा विचार त्याच्या डोक्यात आले, आणि शेवटी तोंडातून निघालं तेच, जे आयुष्यभर निघत आलं होतं.

“हात बाहेर?”

पलीकडे सगळं शांत.

त्याचं बोट घण सोडायच्या खटक्यावर होतं. रेघ सरकत होती. खाली एकाने लिहिलं, ‘दाब ना!’ दुसऱ्याने लिहिलं, ‘तळमजला झोपला.’ तिसऱ्याने जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

“हात बाहेर?” त्याने पुन्हा विचारलं. आवाज चिरकला.

ओ आली नाही. पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय एवढं मात्र स्पष्ट ऐकू येत होतं.

“अहो, तिचा आवाज बंद पडला असेल,” बायको कळवळून म्हणाली. “दाबा ना! तिचा ग्रह जाईल. किती मेहनत घेतलीय पोरीनं त्याच्यावर!”

त्याने खटक्यावरून बोट काढलं. दोन्ही हात मागे घेतले आणि मांड्यांखाली दाबून धरले.

रेघ भरली. शत्रूच्या घणातून पांढरा झोत निघाला आणि गच्ची फुटली. आधी मधोमध एक भेग गेली, मग जंगलं, पाणी, सगळं तुकडे होऊन चहूकडे उधळलं. बायकोच्या तोंडून “अरे देवा” निघालं. संदेशांत शिव्यांचा पाऊस पडत होता. त्याला पडद्याकडे बघवेना.

“का नाही दाबलंस, तळमजल्या?” लेकीने विचारलं. आवाज अगदी शांत होता.

“तू ओ दिली नाहीस.”

“मग काय झालं?”

मागे बायको उभी आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

“तेव्हाही दिली नव्हतीस,” तो म्हणाला.

मागे कप बशीवर खडखडला. तो वळला नाही, वळायची हिंमत नव्हती.

“तळमजला नाव घेऊन कोण लपतं हो, बाबा?” लेक म्हणाली. “पहिल्याच दिवशी ओळखलं मी. कधी बोलताय याचीच वाट बघत होते. आई आहे का तिथं?”

“आहे. मागेच उभी आहे.”

“मग तिला सांगा. माझ्यासमोर सांगा.”

तो खुर्ची फिरवून बायकोकडे वळला. “तिची काही चूक नव्हती,” तो म्हणाला. “मी विचारलं आणि थांबलो नाही. तिची बोटं माझ्यामुळे गेली. तुला मी खोटं सांगितलं, इतकी वर्षं.”

बायकोने कप टेबलावर ठेवला. ती त्याच्याकडे बघेना. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ती कर्ण्याजवळ बसली आणि जड आवाजात म्हणाली, “बाळा, मी जगभर तुझीच चूक सांगत राहिले गं.” नवऱ्याशी ती त्यानंतर किती तरी दिवस धड बोलली नाही, आणि तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग लेकीने घसा साफ केला.

“बाबा, गच्ची गेली, पण घण अजून भरलेला आहे. शत्रू समोर आहे. विचारा.”

त्याने खुर्ची पडद्याकडे फिरवली, बोट खटक्यावर ठेवलं आणि छाती भरून ओरडला, “हात बाहेर?”

“बाहेर!”

रस्त्यावरून जाणारा एक माणूस दचकून दुकानात डोकावला. लिफ्टवाल्याने मग खटका दाबला.