बाबानं लावलेली पानं

बाइंडरच्या हाताखालून पंचवीस वर्षांत इतकी पुस्तकं गेली होती, की निम्मी जरी डोक्यात शिरली असती तरी तो पंडित झाला असता, असं कारखान्यातले लोक थट्टेनं म्हणायचे. तोही हसायचा. दिव्याखालचा अंधार कुणाला दिसला नव्हता. छापून घडी घातलेले कागद यायचे, प्रत्येक घडीच्या पाठीवर एक काळी खूण असायची. घड्या एकावर एक रचल्यावर खुणांचा जिना नीट उतरला की पुस्तक बरोबर. अक्षरांशी त्याची कधी गाठच पडली नव्हती. हे ठाऊक असलेलं एकच माणूस, त्याची बायको, दीड वर्षापूर्वी आजारात गेली.

मागे राहिली सहा वर्षांची भिंगरी.

तिच्या शाळेत संशोधन करणाऱ्या एक ताई आल्या. आईबापांनी घरी रोज वाचून दाखवलं तर पोरं लवकर वाचायला लागतात का, हे त्यांना बघायचं होतं. घरटी एक चित्रांचं पुस्तक आणि एक तक्ता. वाचलं की त्या दिवसाच्या चौकटीत खूण करायची, सहा महिने.

"जमेल ना तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"बाबा पुस्तकंच बनवतो," भिंगरीनं परस्पर सांगून टाकलं. तिचा तोरा बघून त्याला नाही म्हणवेना.

संध्याकाळी ती मांडीवर बसली. चित्रं बघत बघत तो रचत गेला. दिवा लावलेलं घर. घरातून कुत्रा निघाला. रस्ता, नदी, मग होडी. होडीशी पुस्तक संपलं.

"परत कधी आला?"

आई गेलेल्या पोरीला काय सांगायचं? त्यानं पुस्तक मागून पुढे उलटायला घेतलं. "अगं, ही गोष्ट इकडूनच वाचायची असते." कुत्रा होडीतून उतरला, नदीकाठानं, रस्त्यानं चालत घरी आला. दिवा त्याच्यासाठीच ठेवला होता. भिंगरीनं निःश्वास सोडला. त्या दिवसापासून गोष्ट तीच.

दोन महिन्यांत पुस्तकाचा पार चोथा झाला. त्यानं ते कारखान्यात नेलं, सुटी पानं आपल्या गोष्टीच्या क्रमानं लावली, नवा दोरा घातला, पाठीला कापड चिकटवलं. इतकं मन लावून त्यानं मालकाचंही काम केलं नव्हतं.

सहा महिने भरले त्या दिवशी ताईंनी वर्गात बाप-लेकीला बोलावलं आणि तेच पुस्तक, कोरी प्रत, भिंगरीपुढे ठेवलं. पहिलं पान उघडून ती म्हणाली, "हे उलटं लागलंय. बाबाला द्या, तो नीट करून देईल."

ताई हसल्या. "उलटं नाही गं. काय लिहिलंय वाच बघू."

एव्हाना तिला अक्षरं लागायला लागली होती, घरी मात्र ती चित्रं बघत नुसती ऐकायची. बोट ठेवून ती अडखळत वाचत गेली. कुत्रा घर सोडून निघाला. शेवटच्या पानावर होडी दूर गेली आणि घर दिसेनासं झालं.

तिनं बाबाकडे पाहिलं. तो नखातला वाळलेला गोंद खरवडत होता.

"घरी असंच वाचता ना?" ताईंनी त्याला हळूच विचारलं.

"आमचं पुस्तक माझ्याकडून फाटलं होतं," भिंगरी मध्येच म्हणाली. "पानं मीच उलटी लावून दिली बाबाला."

ताईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "वर्गाच्या पुष्कळ पुढे आहे हो ही. तुमचीच मेहनत." त्याला ते शब्द बोचले.

संध्याकाळी त्यानं घरचं पुस्तक घेतलं, पण भिंगरी मांडीवर आली नाही, शेजारी बसली.

"आज मी वाचते. तू ऐक."

होडी झाली, नदी झाली, रस्ता झाला. गोष्ट रोजचीच, शब्दही त्याचेच. शेवटी दिव्याचं घर आलं. चित्राखाली दोन ओळी होत्या, वर्गात वाचलेल्याच. तिचं बोट पहिल्या ओळीवरून सावकाश गेलं, मग दुसऱ्या. ओठ हलले, आवाज नव्हता. पुन्हा पहिल्यापासून.

"आला," ती म्हणाली. "घरी आला."

अक्षर येत नसलं तरी ओळीची लांबी त्याला नजरेनं कळायची.

"दोन ओळींत एवढंच?"

"एवढंच, बाबा."

तिनं पुस्तक मिटलं, तक्ता ओढून घेतला आणि शेवटच्या चौकटीत त्याच्याऐवजी स्वतःच खूण केली.