चिमीचं वय

गुलाबी, बोटाच्या पेराएवढा, एका टोकाला शिंपल्यासारखा वळलेला — कानातून नुकताच काढलेला साचा त्याच्या तळहातावर होता, अजून कोमट. कानाच्या आतली प्रत्येक घडी त्यात उतरली होती. मधला तो बारीक बोगदा, जो ज्याचा त्यालाही कधी दिसत नाही, तो इथे उलटा होऊन, भरीव होऊन उजेडात आला होता. शेजारी ट्रेमध्ये जुना साचा पडला होता, त्याच कानाचा. त्यानं दोन्ही जवळ धरले. फरक तांदळाच्या दाण्याएवढा.

"पुन्हा नवीन?" मुलीच्या आईनं विचारलं. "मागचा तर आत्ताच केला ना?"

"सैल झालाय. कानातलं ऐकायचं मशीन शिट्टी मारतं ना, ती त्यामुळेच. कान वाढला तिचा."

"सगळंच वाढतंय बाई हिचं. चपला घ्याव्यात तर घरी पोचेपर्यंत अपुऱ्या." बाई तक्रार करत होती आणि तोंडभर हसतही होती.

मुलगी चारेक वर्षांची. खुर्चीच्या पायावर टाचा आपटत बसली होती, कंटाळलेली. तो साच्याची कड कापत होता आणि मनात, न बोलावता, एक वाक्य येऊन उभं राहिलं — चिमीला एकच साचा जन्मभर पुरला असता. आपण हे काय म्हटलं, हे कळायला त्याला क्षणभर वेळ लागला. मग कात्री खाली ठेवून त्यानं उगीचच हात धुतले.

चिमी त्याच्या घरी होती आणि नव्हतीही. ती कॉम्प्युटरमधल्या एका घरात होती. ते घर त्याच्या बायकोनं बांधलं होतं, त्या वर्षी, दोघं हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी परत आल्यानंतर. बायको आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. परत आल्यावर कितीतरी दिवस तिनं पेन्सिलसुद्धा उचलली नव्हती. तेव्हा तिच्या धाकट्या भावानं हा गेम घालून दिला. "ताई, खेळून बघ. यात जिंकायचं नसतं, हरायचं नसतं. माणसं असतात, ती नुसती राहतात."

नुसती राहतात... तेच तर हवं होतं. बायकोनं एकेक खोली मन लावून काढली, गेमला चालणारे पण माणसाला न चढता येणारे जिने रागानं पाडून पुन्हा बांधले. माणसं त्याच्याकडे. त्यानं स्वतःला डोईभर केस दिले, आणि ते पाहून ती हसली — हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा. मग रोज संध्याकाळी एक खुर्ची आणि एक स्टूल. त्यातला तो स्वयंपाकघर पेटवून द्यायचा आणि विझवायचं सोडून रडत उभा राहायचा. त्यातली ती वैतागून बाहेर गवतावर झोपायची. "अगदी तूच!" दोघं एकमेकांना म्हणायचे, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचे. तेव्हा कुणी विचारलं असतं की याची गोडी किती दिवस टिकेल, तर तो म्हणाला असता — का नाही टिकणार? जगण्याची टिकते ना?

पाळणा आला तेव्हा मात्र कुणी काही ठरवलं नव्हतं. एका संध्याकाळी तो गेममधल्या घरात दिसला, जिन्याजवळच्या खोलीत. दोघं पाहत राहिले. नाव टाकायची वेळ आली तेव्हा, ठरवून ठेवलेलं ते दुसरं नाव दोघांनीही उच्चारलं नाही. त्यानं घाईघाईनं 'चिमी' असं टाइप केलं, आणि ती हळूच म्हणाली, "छान आहे."

चिमी रांगली, चालली, बोलायला लागली — त्या गेमच्या भाषेत, जिला अर्थ नाही, फक्त सूर आहे. मग तिच्या चेहऱ्याखालची वयाची पट्टी भरत आली. आणखी थोडे दिवस, आणि ती मोठी होणार. मग शाळा, मग आणखी मोठी... मग एक दिवस म्हातारीसुद्धा. त्यानं सेटिंग उघडलं आणि 'वय वाढू द्या' समोरची खूण काढून टाकली.

"थोडे दिवस राहू दे अशीच," तो म्हणाला होता.

पुढे कधीतरी बायको स्टुलावर यायची थांबली. "कंटाळा आला मला," एवढंच म्हणाली, आणि त्यानं ते खरं मानलं. स्टुलावर इस्त्रीचे कपडे साठू लागले. तो खेळत राहिला. वर्षं गेली. चिमी चारेक वर्षांचीच राहिली.

आनंद? — त्या शब्दाची चव केव्हाच गेली होती. चिमी दारात धावत येणार, दोनदा टाळ्या वाजवणार, जमिनीवर रंगानं रेघोट्या मारणार, मग रागवा, समजवा, दुर्लक्ष करा, यातलं एक त्यानं निवडायचं. काहीही निवडलं तरी रात्री ती तशीच कुशीवर वळून झोपणार. तिच्यात जेवढं होतं तेवढं सगळं तिनं त्याला केव्हाच देऊन टाकलं होतं. कधी कधी तर तो नुसतं पाहण्यापुरता गेम उघडायचा — आहे ना, जेवली ना, झोपली ना — आणि बंद करायचा. बंद केल्यावर तिथे काहीच घडत नाही, भूक लागत नाही, अंधार पडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी दवाखान्याच्या वाटेवर मधेच वाटायचं, ती उभी आहे. एक पाय उचललेला, हात अर्धवट वर... आपण परत येईपर्यंत तशीच.

दुपारी एका आजोबांची तपासणी होती. कान तपासायची खोली म्हणजे कपाटाएवढी जागा, भिंतींना जाड फोम, जड दार. आजोबा काचेपलीकडे हेडफोन लावून बसले होते आणि आवाज सोडलेला नसतानाही बटण दाबत होते.

"आजोबा, आवाज आला तरच दाबायचं."

"आला म्हणून तर दाबतोय," आजोबा चिडले. "तुमचं मशीन तपासा आधी."

ते गेल्यावर तो वायर पाहायला आत गेला, आणि मागे दार आपोआप लागलं. त्या शांततेची त्याला सवय होती. इतक्या वर्षांत तिथे स्वतःच्या रक्ताचा सूं-सूं आवाज तेवढा ऐकू यायचा. आज त्याच्याही अलीकडे, डाव्या कानाशी, अगदी जवळ — "उपा? नीमा सो?" चिमीचा तोच सूर, शेवटी वर जाणारा. झोपेतून उठलेलं मूल विचारतं तसा.

बाहेर आला तेव्हा त्याचा एक हात भिंतीवर होता.

"काय हो, चेहरा का असा पांढराफटक?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही. वायर सैल होती."

पण मला बटण दाबावंसं वाटलं होतं, घरी जाताना तो स्वतःशी म्हणाला. आला म्हणूनच तर.

संध्याकाळी त्यानं कॉम्प्युटर लावला. चिमी दारात आली, दोनदा टाळ्या वाजवल्या. मागे कपांचा आवाज झाला. बायकोनं स्टुलावरचे कपडे उचलून पलंगावर टाकले, दोन कप टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "सरक जरा."

तो सरकला. ती चहा पीत पाहत राहिली. चिमी जमिनीवर बसून रेघोट्या मारू लागली. त्यानं समजवा निवडलं. चिमीनं मान खाली घातली. थोड्या वेळानं पुन्हा रेघोट्या.

"कंटाळा नाही येत तुला?" बायकोनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

"नाही," असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. "येतो," तो म्हणाला. "खूप येतो." जणू काहीतरी भयंकर कबूल करून बसलो, तेही या पोरीच्या देखत, असं त्याला वाटलं. "तिचा कंटाळा येतो, म्हणून स्वतःची लाज वाटते. म्हणून पुन्हा लावतो."

तिनं कप खाली ठेवला. स्क्रीनकडेच पाहत म्हणाली, "मला कंटाळा नव्हता आला."

"म्हणजे?"

"तू ट्रेनिंगला गेला होतास ना, तेव्हा मी ती खूण परत लावली. गेममधले दिवस भरभर पळवले. म्हटलं बघू तरी." तिनं पदराशी चाळा करावा तसा ओढणीचा काठ बोटाला गुंडाळला. "मी पाहिलीय तिला मोठी झालेली."

पडद्यावर चिमी हसत होती. त्याला ती आवाज न करता हसल्यासारखी दिसली.

"केवढी?"

"पंधरा-सोळाची असेल. तुझं नाक. कपाळ माझं, बिचारीचं. केस मी कापले असते तर असे कापले नसते." ती हसली, मग थांबली. "मग मला सहन होईना. सेव्ह न करता बंद केलं. परत लावलं, तर ही... होती तशी, दारात. त्यानंतर मला हिच्यासमोर बसवेना."

म्हणजे ती होती. एक संध्याकाळभर का होईना, या घरात, या खुर्चीसमोर, त्याचं नाक घेऊन एक मोठी मुलगी वावरली होती, आणि तो नव्हता. त्याला राग आला, इतका की कान तापले. मग कळलं की हा राग नाही, हेवा आहे. आपण ज्या दाराला वर्षानुवर्षं पाठ लावून उभे राहिलो, त्यातून ही एकटी आत जाऊन आली, आणि तोंडातून अवाक्षर न काढता स्वयंपाक करत राहिली, इस्त्री करत राहिली...

"काय बोलली ती?" त्यानं विचारलं.

"त्यांची ती भाषा. मला काय कळणार?" बायको म्हणाली. आणि मग, जरा अभिमानानंच, "पण वैतागली होती माझ्यावर. कशावरून कोण जाणे. खोलीत गेली आणि धाडकन दार लावून घेतलं."

"धाडकन?"

"घर हललं."

त्याला हसू आलं. ते पुरतं बाहेर येईना. चिमी त्याच्या उत्तराची वाट पाहत उभी होती — रागवा, समजवा, दुर्लक्ष करा — आणि पहिल्यांदाच त्याला तिच्याकडे पाहताना ती कुणाच्या तरी लहानपणीच्या फोटोसारखी वाटली. जिचा हा फोटो, ती पलीकडे कुठेतरी आहे, दार लावून बसलेली. त्यानं सेटिंग उघडलं. 'वय वाढू द्या' समोरचा रिकामा चौकोन. बोट माऊसवर होतं. एवढंच जाणवत होतं की कितीतरी दिवसांनी पुढे काय होईल हे त्याला ठाऊक नाही, आणि ते जाणून घ्यावंसं वाटतंय.

"बस ना," तो बायकोला म्हणाला, ती उठली नव्हती तरी.