खरखरीत आवाजाचा दिवस

मी एक गोल टेबल. राष्ट्रीय रेडिओच्या भाषणांच्या स्टुडिओत माझा मुक्काम असतो. माझा आवाज तुम्ही कधी ऐकलेला नाही, आणि तो ऐकू येऊ नये म्हणूनच मला असं घडवलं गेलं. सुताराने माझ्यात एकही खिळा ठोकला नाही. खिळा सैल झाला की करकरतो, म्हणून सगळे सांधे त्याने लाकडातच बसवले. वर जाड हिरवं कापड ताणून चिकटवलं. मग मला एक सणसणीत थाप मारून तो म्हणाला, "आता याच्यावर कुणी नाचलं तरी देशाला पत्ता लागायचा नाही."

माझ्या मधोमध मायक्रोफोन उभा असतो. सगळा मान त्याचा. पण त्याला कळतो फक्त आवाज. माझ्यावर माणसांचे हात टेकलेले असतात, खाली माझ्या पायांना त्यांचे गुडघे लागतात, त्यामुळे मला बरंच काही जास्त समजतं. वर खणखणीत भाषण चालू असताना खाली पाय कसा लटलटतो, ते मला विचारा. एक विद्वान गृहस्थ मनःशांतीवर बोलता बोलता माझं कापड नखाने कुरतडत बसायचे. तिथली कड बरीच वर्षं उसवलेली होती.

ताई मात्र कधी घाबरलेली मला आठवत नाही. ताई म्हणजे आमची निवेदिका. बसताना बांगड्या मागे सारायची, दोन्ही हात माझ्यावर पसरायची आणि बोलू लागायची. तिचा आवाज सायीसारखा मऊ होता. लोक म्हणत, ताईने वाईट बातमी दिली तरी ऐकावीशी वाटते. मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि तिची खुर्ची बराच काळ रिकामी राहिली.

आमच्या रेडिओवर दरवर्षी एक दिवस बोलण्याचा असतो. सकाळपासून रात्रीपर्यंत एकही गाणं नाही. बातम्या, विज्ञान, वादविवाद, डॉक्टरांचा सल्ला, मुलांच्या गोष्टी, शेवटी नाटक. या सगळ्यांना धाग्यासारखं ओवून घ्यायचं काम नेहमी ताईचं. त्या वर्षी केंद्रप्रमुख साहेबांनी एका नव्या मुलीची नेमणूक केली होती. पण सकाळी दार ढकलून आत आली ती ताई. गळ्याला रुमाल, हातात कोमट पाण्याची बाटली.

"साहेब, बोलण्याचा दिवस आहे. मी बोलायला आलेय."

मी दचकलोच. ती साय कुठे गेली? सुकलेल्या पाचोळ्यावरून कुणी चालत यावं तसा आवाज होता.

साहेब चाचरले. "अहो ताई, तुमचा आवाज..."

"आहे की! वेगळा आहे, पण आहे. डॉक्टरांनी परवानगी दिलीय. आता तुमची राहिलीय."

साहेब मनाने वाईट नव्हते, पण जबाबदारीचं ओझं होतं ना डोक्यावर! "दुपारपर्यंत बघू," ते म्हणाले. "श्रोत्यांनी नावं ठेवली, तर मग मात्र..."

"तर मी आपणहून उठेन," ताई म्हणाली आणि बसली. तिचे हात माझ्यावर टेकले. बर्फासारखे गार पडले होते.

पहिलं निवेदन झालं आणि फोन खणखणू लागले. काचेपलीकडे आमचा तंत्रज्ञ बसतो. सगळे त्याला बटणराव म्हणतात. बातम्या चालू असताना तो हळूच आत आला. "ताई, एक आजोबा विचारतायत, ताईंच्या जागी हा कोण बुवा आणून बसवलाय?"

ताई खुदकन हसली. बातम्या संपताच ती मायक्रोफोनवर म्हणाली, "आजोबा, बुवा नाही हो, मीच ती! घशाचं ऑपरेशन झालंय. जीभ मात्र शाबूत आहे, घरच्यांना विचारा."

पण सगळेच फोन असे गमतीचे नव्हते. कुणी म्हणालं, सकाळी सकाळी करवत काय ऐकवता! बटणराव ते सांगत नव्हता, पण त्याच्या तोंडावरून ताईने ओळखलं. ती घोटभर पाणी प्यायली आणि पुढचा कागद ओढला.

वादविवादात तर कसोटीच लागली. रस्ता रुंद करायचा की झाडं राखायची, यावर एक अभियंते आणि एक वनस्पतिशास्त्राच्या बाई असे काही हमरीतुमरीवर आले की कोण काय बोलतंय तेच कळेना. पूर्वी ताई आवाज चढवून दोघांना गप्प करायची. आता चढवायला आवाजच नव्हता. तिने उलटं केलं. ती पुढे झुकली आणि अगदी हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. ती काय म्हणतेय ते ऐकायला दोघेही गप्प झाले! "हं," ताई म्हणाली, "आता एकेकाने." मी लाकडाचा नसतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

तरीही दुपारी साहेब आलेच. "ताई, तक्रारी फार आहेत. डॉक्टरांचा कार्यक्रम झाला की त्या मुलीला बसवू या." ताईने मान हलवली. शब्द दिला होता ना.

तो कार्यक्रम म्हणजे लोकांनी फोनवर विचारायचं आणि समोर बसलेल्या डॉक्टरांनी उत्तर द्यायचं. दोन-तीन फोन झाले. मग एक फोन आला आणि पलीकडून कुणी बोलेचना. नुसता श्वास.

रेडिओवरच्या शांततेला आमच्याकडे सगळे घाबरतात. श्रोत्याला वाटतं, रेडिओ बिघडला. काचेपलीकडे साहेब येऊन उभे राहिले होते. त्यांनी गळ्यावरून बोट फिरवून खूण केली, तोडा! बटणरावचा हात बटणावर गेला. ताईने तळवा उचलून त्याला थांबवलं.

"तुम्ही आहात तिथे," ती फोनवर म्हणाली. "श्वास ऐकू येतोय मला. सावकाश. कुठे जायचंय आपल्याला?"

पुन्हा शांतता. डॉक्टरांचा गुडघा माझ्या पायावर आदळू लागला. आणि मग काहीतरी खरवडल्यासारखं ऐकू आलं. "ता... ताई."

"बोला."

"माझं पण... घशाचं. तेव्हापासून बोलले नाही कुणाशी. घरात पाटीवर लिहून दाखवते."

"डॉक्टरांनी मनाई केलीय?"

"नाही. ते म्हणतात बोला. लाज वाटते. भुतासारखा येतो आवाज."

"आणि माझा कसा वाटतो?"

"माझ्यासारखाच."

"मग झालं तर! आपण दोघी भुतं. बसू गप्पा मारत."

फोनवरून हसू आलं. फाटकं, खरखरीत, पण पोटातून आलेलं. आणि त्याच्या मागे कुणीतरी जोरात ओरडलं, "बाबा, धावा! आई बोलली! आई हसतेय!" काहीतरी धाडकन पडलं, कुणी कुणाला मिठी मारली असावी, कारण त्यानंतर सगळे एकदमच बोलत होते. सबंध देशाने ते ऐकलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. बटणराव आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. आणि ताईचे हात! कढत झाले होते, जणू चुलीवरून काढलेत.

मग फोन असे सुरू झाले की बटणराव एकटा पुरेना. घसा बसलेले, तोतरे, लकवा होऊन जीभ जड झालेले, सगळ्यांना ताईशीच बोलायचं होतं. 'करवत' म्हणणाऱ्यानेही पुन्हा फोन केला म्हणे, माफी मागायला.

साहेब आत आले. ताई खुर्ची मागे सारून उठू लागली. "येते मी. ठरलंय आपलं."

"बसा हो! ती मुलगी म्हणतेय, ताईंच्या शेजारी बसून शिकायचंय. आणि मी तिच्या बाजूचा आहे."

संध्याकाळी मुलांच्या गोष्टीत ताईने राक्षसाचा आवाज असा काही काढला, की मुलं फोनवर हट्टाला पेटली, "परत एकदा राक्षस!" नाटक संपलं, निरोपाचं निवेदनही तिनेच केलं. "आज भरपूर बोललो," ती म्हणाली, "उद्या आणखी बोलू." सगळे गेल्यावर साहेब दारापर्यंत जाऊन मागे फिरले आणि त्या रिकाम्या स्टुडिओत त्यांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या.

आता मी म्हातारा झालोय. कापड दोनदा बदललं, एक पाय जरा झिजलाय. पण माझ्याभोवतीच्या खुर्च्या पूर्वीसारख्या एकाच तऱ्हेच्या माणसांसाठी राहिल्या नाहीत. अडखळणारे येतात, घोगरे येतात, गावाकडचे हेल काढून बोलणारे येतात, आणि देश कान देऊन ऐकतो. तुम्हालाही कधी बोलावणं येईल. आवाज बरा नाही म्हणून घरी बसू नका. खुर्ची ओढा, कोपरं टेका आणि सुरू करा. गुडघे थरथरले तर खुशाल थरथरू द्या. मी ते कुणाला सांगत नाही.